जुना कॉम्प्युटर हळू चालतो: रॅम कमी पडतेय, सी ड्राइव्ह भरलाय की डिस्क जातेय?

आधी लक्षणं बघा

- बटण दाबल्यावर डेस्कटॉप येतो, पण पुढची पाच-सात मिनिटं माउस नुसता फिरतो, क्लिक केलेलं काही उघडत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा बारीक दिवा लुकलुकायचा सोडून सलग पेटलेला राहतो.
- टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एकटं ठीक चालतं. सोबत क्रोम आणि एखादी मोठी पीडीएफ उघडली, की खाली ठेवलेली विंडो वर आणताना पांढरी पडते आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसतं.
- सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय. प्रिंट रांगेत अडकते, एक्सेलची फाइल सेव्ह होत नाही, विंडोजचं अपडेट दर वेळी अर्ध्यातून मागे फिरतं.
- ठराविक फोल्डर उघडलं की सगळंच गोठतं. आतून टक, टक असा आवाज येतो. सुरू होताना कधी कधी आपोआप डिस्कची तपासणी लागते.
- सकाळी बरा असतो, दुपारी दोननंतर रडायला लागतो.
- चालू करताना नुसते बीप वाजतात, स्क्रीन काळीच.

रॅम म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती जागा, डिस्क म्हणजे कायमचं कोठार, आणि सी ड्राइव्ह म्हणजे तिचा विंडोज असलेला भाग. पहिल्या लक्षणात बहुतेक वेळा रॅम आणि डिस्क दोघांचा हात असतो. दुसरं रॅमचं, तिसरं जागेचं, चौथं डिस्कच्या तब्येतीचं, पाचवं उन्हाचं आणि धुळीचं, सहावं सैल किंवा मळलेल्या रॅमपट्टीचं. पण दुकानात ही सगळी दुखणी एकाच वाक्यात येतात: "भाऊ, कॉम्प्युटर भलता हयू चाली राहिना, फॉर्मॅट मारी द्या." (म्हणजे फार हळू चालतोय, फॉर्मॅट मारून द्या.) फॉर्मॅट मारला, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकलं, की तो रिकामा होतो, सोबत सुरू होणारे प्रोग्राम जातात, मशीन पळतं. दोन-तीन महिन्यांत सगळं परत जमा होतं आणि डबा परत काउंटरवर. मूळ दुखणं डिस्कचं असेल तर तेवढ्या वेळात ते आणखी वाढलेलं असतं. म्हणून फॉर्मॅट हा माझ्या यादीत पहिला नाही, जवळपास शेवटचा उपाय आहे.

रॅम आणि डिस्क एकमेकांना कसं ओढतात

रॅम संपली म्हणून विंडोज बंद पडत नाही. ज्या विंडोकडे तुम्ही बराच वेळ पाहिलं नाही तिचा मजकूर ते रॅममधून काढून डिस्कवरच्या एका फाइलमध्ये ठेवतं. तिला पेजफाइल म्हणतात आणि ती सहसा सी ड्राइव्हवरच असते. तुम्ही ती विंडो परत वर आणली की तो मजकूर डिस्कवरून रॅममध्ये आणावा लागतो. विंडो पांढरी पडते ती याच वेळी.

आता वेगाचा हिशेब बघा. रॅममधली एखादी नोंद मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला तेच करायला १० मिलिसेकंदांच्या आसपास, कारण आधी हेड (वाचणारं टोक) योग्य जागी जायला हवं आणि मग चकती फिरून तो भाग हेडखाली यायला हवा. फरक एक लाख पटीचा. जे काम रॅममध्ये एका सेकंदात झालं असतं, त्याला या हिशेबाने २७ तासांहून जास्त लागतील. अशी डिस्क सेकंदाला शंभरेक विखुरलेल्या नोंदी कशाबशा वाचते. त्यात विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरस आणि पेजफाइल तिघं एकदम मागे लागले, की तुमच्या टॅलीचा नंबर शेवटी.

सी ड्राइव्ह भरलेला असेल तर पेजफाइलला वाढायला जागा नसते. मग हळू चालणं सोडाच, प्रोग्राम मेमरी नाही म्हणून थेट बंद पडतात. नुसती रॅम किंवा नुसती जागा कमी असेल तर मशीन रडत का होईना चालतं. दोन्ही एकदम कमी असतील तर मात्र हाल असतात, आणि जुन्या मशीनमध्ये बहुधा तेच झालेलं असतं.

१. रीस्टार्ट करा, शटडाउन नाही

फुकटचा आणि दोन मिनिटांचा उपाय. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यामुळे शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. म्हणजे रोज रात्री इमानदारीने बंद केलेलं मशीनसुद्धा आतून महिनाभर जुनंच असू शकतं. स्टार्ट मेनूतलं रीस्टार्ट मात्र सगळं पुसून नव्याने उभं करतं.

२. टास्क मॅनेजर वाचायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा. सुरू केल्याबरोबर आकडे बघू नका, तेव्हा सगळ्याच मशीनची धावपळ चालू असते. पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग रोजचं काम उघडा आणि मेमरी, डिस्क हे दोन रकाने बघा.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही १०० टक्के: रॅम कमी पडतेय, डिस्क बिचारी पेजफाइलची हमाली करतेय. मेमरी पन्नास-साठ टक्के, पण डिस्क १०० वर चिकटलेली: रॅम वाढवून काही होणार नाही, दुखणं डिस्कचं आहे किंवा तिच्या मागे कुणीतरी लागलंय. त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की कोण लागलंय त्याचं नाव सगळ्यात वर येतं.

पुढे 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्क निवडा आणि 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. दहा-वीस, अगदी पन्नास मिलिसेकंदही जुन्या डिस्कला माफ. पण सेकंदाला एखाद-दोन एमबीच काम चाललंय आणि हा आकडा सतत हजाराच्या पुढे, तर बाकीचं सोडा आणि थेट चौथ्या मुद्द्यावर जा. तिथेच 'मेमरी' निवडलं तर 'कमिटेड' समोर दोन आकडे दिसतात. पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर तुमचं रोजचं काम रॅममध्ये मावत नाही. विंडोज ७ वाल्यांनी याच कामासाठी रिसोर्स मॉनिटर उघडावा.

३. सी ड्राइव्ह मोकळा करा, पण बघून

आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनची एक गंमत आहे. ५०० जीबीची डिस्क, तिचे तीन-चार तुकडे, आणि सी ड्राइव्हच्या वाट्याला जेमतेम ५० जीबी. विंडोज एक्सपीच्या काळात ते पुरत होतं. आता विंडोज १० आणि त्याची अपडेट्स एवढ्यात गुदमरतात. सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात असंच मशीन बघायला मिळतं: सी लाल, उरलेली १ जीबी, शेजारी डी आणि ई मिळून साडेतीनशे जीबी रिकामे. डेस्कटॉपवर ट्रकांच्या पावत्यांचे फोटो, पुतण्याच्या साखरपुड्याचे व्हिडिओ आणि 'न्यू फोल्डर'च्या आत 'न्यू फोल्डर'. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही सी ड्राइव्हवरच असतात, हे त्या ऑफिसात कुणाला माहीतच नसतं.

उपाय सोपा आहे. डी ड्राइव्हवर डाउनलोड्स नावाचं फोल्डर करा. मग मूळ डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन', 'मूव्ह', आणि नवं फोल्डर दाखवा. डॉक्युमेंट्सचंही तसंच. थेट डी ड्राइव्ह दाखवू नका, आतलं फोल्डरच दाखवा, नाहीतर पुढे गोंधळ होतो. फायली आपोआप हलतात आणि पुढचं सगळं तिकडेच जातं.

बाकीची जागा कुठे गेलीय ते या क्रमाने बघा. रीसायकल बिन. मग विंडोज आणि आर ही बटणं दाबून येणाऱ्या चौकटीत टेम्प हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाका. जे फोल्डर उघडेल त्यातलं सगळं पुसायला हरकत नाही, जे पुसलं जात नाही ते वापरात आहे, ते सोडून द्या. मग डिस्क क्लीनअप, त्यात 'क्लीनअप सिस्टम फाइल्स'. मोठं अपडेट झालं असेल तर जुन्या विंडोजची अख्खी प्रत तिथे पडलेली सापडते, दहा-वीस जीबीची. एक सावधगिरी: विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत त्या यादीत डाउनलोड्सचंही नाव असतं. टिक मारण्याआधी यादी वाचा.

हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून मशीन बंद करायची सोय) वापरत नसाल तर ती फाइलही मोठी असते. विंडोज १० मध्ये साधारण रॅमच्या ४० टक्के, विंडोज ७ मध्ये ७५ टक्के. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, हायफन एच, ऑफ असं इंग्रजीत दिलं की ती जाते. सोबत फास्ट स्टार्टअपही जातो, म्हणजे चालू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. ५० जीबीच्या सी ड्राइव्हवर हा सौदा मी करतो, मोठ्यावर करत नाही.

दाखल्यांची केंद्रं चालवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. जूनमध्ये उत्पन्नाचे, जातीचे, नॉन-क्रीमिलेअरचे अर्ज भरताना लोकांच्या आधारकार्डांचे स्कॅन डाउनलोड्समध्ये साठत जातात. जागेचा प्रश्न आहेच, पण दुसऱ्याची कागदपत्रं वर्षानुवर्षं आपल्या मशीनवर ठेवणं बरोबर नाही. काम झालं की पुसा.

हात लावू नये असंही काही आहे. विंडोजच्या फोल्डरमधलं विनएसएक्सएस खूप मोठं दिसतं, ते हाताने पुसू नका. पेजफाइल पूर्ण बंद करू नका. 'एका क्लिकमध्ये पीसी फास्ट' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची वही) साफ करून वेग वाढतो ही समजूत आहे, उलट तो प्रोग्रामच चोवीस तास रॅम खात बसतो.

किती मोकळं ठेवायचं? सी ड्राइव्हच्या पंधरा-वीस टक्के, आणि काही झालं तरी १५ जीबीच्या खाली नको.

जाता जाता टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' बघून घ्या. प्रिंटरचे सोबती, टोरेंट, मुदत संपलेला अँटिव्हायरस, जे नको ते डिसेबल. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढाच. दोघं तीच फाइल आळीपाळीने तपासतात आणि डिस्क त्यांच्यातच अडकते.

४. डिस्कची तब्येत

क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडल्यावर वर 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' लिहिलेलं दिसतं. पिवळं 'कॉशन' आलं की तिथेच थांबा. डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणं) नाही, फॉर्मॅट नाही, रात्रभर डिस्क तपासणी लावणं तर अजिबात नाही. आधी डेटा बाहेर काढा: टॅलीचं डेटा फोल्डर, फोटो, महत्त्वाच्या फायली, याच क्रमाने, दुसऱ्या डिस्कवर. मरायला टेकलेल्या डिस्कला पूर्ण वाचायला लावणारं कुठलंही काम तिला आणखी ढकलतं.

यादीतल्या दोन ओळी महत्त्वाच्या. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' म्हणजे खराब झालेल्या जागा, ज्यांच्या बदल्यात डिस्कने राखीव जागा वापरली. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचताच न येणाऱ्या जागा, ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. ठराविक फोल्डरवर मशीन गोठतं ते बहुधा यामुळे: डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते. आपल्याकडे ग्रामीण भागात लाइट जाते तेव्हा सांगून जात नाही. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर चालू लिखाण अर्ध्यात तुटतं, आणि खराब सेक्टर व बिघडलेल्या फायली यांतून पुढे येतात. यूपीएसला बॅटरी टाकणं हा डिस्कचाच खर्च समजा.

अजून एक ओळ, जिच्याकडे फार कुणी बघत नाही: 'अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट'. हा आकडा वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल खराब किंवा सैल आहे. केबल बदला. जुना आकडा कमी होणार नाही, पण पुढे वाढायचा थांबला पाहिजे. एवढ्याशा केबलपायी चांगल्या डिस्का बदललेल्या मी पाहिल्यात.

५. धूळ, ऊन आणि खोडरबर

मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुपारी हळू होणाऱ्या मशीनला रॅम विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं आहे. जिनिंगच्या ऑफिसातली मशीन तर उघडून बघण्यासारखी असतात. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांत कापसाचे बारीक तंतू इतके गच्च बसतात की पंखा फिरतो पण हवा पलीकडे जातच नाही.

वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मग बाजूचं झाकण काढून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. रॅमची पट्टी काढून सोनेरी दाते पांढऱ्या खोडरबरने हलके पुसा, कण झटका, दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्ट वाजेपर्यंत दाबून परत बसवा. बीप वाजणाऱ्या मशीनपैकी बरीचशी एवढ्यावरच सुरू होतात. लॅपटॉप मात्र स्क्रू, रिबन केबल आणि बॅटरीची सवय नसेल तर उघडू नका.

६. रॅम वाढवणं

इथून पैसे लागतात. विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

विंडोज ३२ बिट आहे का? असेल तर ४ जीबी लावली तरी साधारण सव्वातीन-साडेतीनच वापरता येते. ८ टाकून फायदा नाही, आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल.

मदरबोर्ड किती झेपतो? आपल्याकडे अजून भरपूर चालणारे जी३१ चिपसेटचे बोर्ड ४ जीबीला थांबतात. जी४१ जास्तीत जास्त ८ पर्यंत, एच६१ १६ पर्यंत. जी४१ ची खोड वेगळीच: डीडीआर३ ची ४ जीबीची पट्टी घेताना तिच्यावर दोन्ही बाजू मिळून १६ चिप असलेली घ्या. ८ चिपवाली बहुधा उठतच नाही, किंवा अर्धीच दिसते. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात, तेही वाचून घ्या.

पिढी कोणती? डीडीआर२, ३ आणि ४ ची खाच वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. जुनी पट्टी खिशात घालून दुकानात जाणं सगळ्यात बरं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जुना माल घेत असाल तर समोर लावून, विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चालवून मगच पैसे द्या.

४ वरून ८ जीबीला गेल्याचा फरक टॅली, क्रोम आणि पीडीएफवाल्याला लगेच कळतो. ८ वरून १६ ला गेल्याचा बहुतेक ऑफिसांत कळत नाही. फोटो स्टुडिओ आणि अल्बम डिझाइनवाले सोडून.

७. एसएसडी

फिरत्या डिस्कच्या जागी साटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकणं हा जुन्या मशीनवरचा सगळ्यात दिसणारा खर्च. तिच्यात हेड नाही, चकती नाही, त्यामुळे सेकंदाला शंभरच्या जागी हजारो नोंदी वाचल्या जातात. जुन्या बोर्डवर ती पूर्ण वेगाने पळणार नाही, तरीही फरक दांडगा असतो. विंडोज आणि प्रोग्रामसाठी २४०-२५६ जीबी पुरते. जुनी डिस्क 'गुड' असेल तर डेटासाठी ठेवा.

रॅम आणि एसएसडी यांतलं एकच परवडत असेल तर? २ जीबीवाल्याने आधी रॅम. ४ जीबीवाल्याने आधी एसएसडी, कारण पेजफाइल तिच्यावर गेली की कमी रॅमची झळही कमी लागते. या मतावर दुकानदार भांडतील, भांडू द्या.

एसएसडीला डीफ्रॅगची गरज नाही. तीही गच्च भरली की मंदावते, पंधरा टक्के मोकळी ठेवा. आणि ती जाताना टक-टक करत नाही, एका सकाळी दिसेनाशी होते. बॅकअप दर आठवड्याला.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) साटाची सेटिंग, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर करायची असेल तर विंडोज नव्याने टाकताना करा. चालू विंडोजवर नुसती बदलली तर निळी स्क्रीन येते.

इथे थांबा, माणूस बोलवा

डिस्क टक-टक करतेय किंवा बायोसमध्ये दिसतच नाही, आणि आतल्या डेटाची दुसरी प्रत नाही: वायर काढा. पुन्हा चालू करून बघू नका, उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. डिस्क उघडून डेटा काढायला क्लीन रूम असलेली लॅब लागते. साध्या दुकानात झाकण उघडलेली डिस्क नंतर लॅबवालेही सहसा वाचवू शकत नाहीत.

कॅबिनेटला हात लावला की झटका बसतो: हा इलेक्ट्रिशियनचा विषय, आधी अर्थिंग तपासून घ्या. जळका वास, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला: बंद करा आणि न्या. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की हातात आल्याशिवाय डिस्कला कुणालाच हात लावू देऊ नका. टॅलीचा डेटा हलवायचा असेल तर तुमच्या अकाउंटंटला समोर बसवा.

आणि खर्च कुठे थांबवायचा? विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ज्या मशीनवर बँकेचं आणि जीएसटीचं काम चालतं, ते कोअर टू ड्युओ (इंटेलचा खूप जुना प्रोसेसर) असेल तर त्याच्यावर रॅम आणि एसएसडी दोन्ही टाकू नका. फार तर एसएसडी टाका, जी पुढच्या मशीनलाही लागेल.

दुकानात नेताना एका कागदावर लिहून न्या: रॅम किती, मेमरी आणि डिस्कचे टक्के किती दिसले, सी ड्राइव्हवर किती जागा, क्रिस्टलमध्ये कोणता रंग, बॅकअप घेतलाय की नाही. 'फॉर्मॅट मारा' असं सांगू नका, काय होतंय ते सांगा. डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्या, तिच्यात तुमच्या गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅन आहेत.